भाऊ पिऊन होता, नाकाबंदीत गाडी थांबवली नाही. आता काय करू, लवकर सांगा

कृष्णाकाठचा (रविवार, दुपारी १:१०)

नमस्कार मंडळी. मी इथं नुसता वाचत असतो, लिहीत नाही, पण आज डोकं चालंना म्हणून लिहितोय. आम्ही सांगली जिल्ह्यातले, तालुका सांगत नाही. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, पुण्याला नोकरीला. मित्राच्या हळदीसाठी शुक्रवारी गावाकडं आला. काल रात्री हळद झाली, डीजे झाला आणि मग पोरं मळ्यात बसली. हा सांगतोय दोनच पेग घेतले, त्याच्याबरोबरचा पोरगा सांगतोय क्वार्टर संपवली आणि वर बिअर घेतली. गाडी वडलांची, वॅगनार.

साडेअकराच्या सुमाराला परत येताना फाट्यावर नाकाबंदी लागलेली. एका बाई पोलिसांनी बॅटरी हलवून गाडी बाजूला घे म्हणून खूण केली. ह्यानं स्पीड कमी केला, काच पण अर्धी खाली घेतली, आणि मग काय मनात आलं देवालाच माहीत, एकदम गाडी दामटली. डावी बाजू बॅरिकेडला घासली आणि ड्रायव्हर साइडचा आरसा त्या बाईंना लागला. त्या पडल्या एवढं ह्यानं आतल्या आरशात बघितलं. थांबला नाही. सरळ घरी आला, गाडी गोठ्याच्या मागं लावली, वर ताडपत्री टाकली आणि झोपला.

पहाटे आई धार काढायला गेली तेव्हा तिनं बघितलं आणि मला उठवलं. आरसा वायरवर लोंबकळतोय, आणि त्याच्या फटीत त्या पोलीस लोकांच्या चमकणाऱ्या जाकिटाची पट्टी अडकलीय, बोटभर असंल. ती बघितल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय.

आता घरात असं चाललंय की चुलते म्हणतात गाडी धुऊन मिरजेला ओळखीच्या गॅरेजला टाकू, आरसा बदलू, आणि पोलीस आलेच तर आपल्याकडं कामाला आहे त्या गड्याला उभं करू, त्याच्याकडं लायसन्स आहे, त्याला पन्नास हजार देऊ, दारूची टेस्ट तर आता होऊच शकत नाही. वडील सकाळपासून एक शब्द बोलले नाहीत. भाऊ खोलीत पडून आहे, मधनं मधनं रडतोय. त्या बाईंना किती लागलंय ते काहीच माहीत नाही. पोलीस अजून आलेले नाहीत. कुणी वकील असतील, पोलीस खात्यातले असतील तर प्लीज खरं सांगा काय करावं.

---

काळा_डगला (रविवार, दुपारी १:४२)

दादा, मी सेशन्स कोर्टात फौजदारीची प्रॅक्टिस करते. आधी काय करायचं नाही ते ऐका. गाडीला हात लावू नका. धुवायची नाही, हलवायची नाही, आरसा बदलायचा नाही आणि ती पट्टी जिथं अडकलीय तिथंच राहू दे. आणि गड्याला उभं करायचा विषय घरात पुन्हा काढू देऊ नका.

कारण सांगते. आत्ता ह्या क्षणाला गुन्हा एकट्या तुमच्या भावाचा आहे. गाडी धुतली की भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ लागतं, पुरावा नष्ट करणं आणि गुन्हेगाराला वाचवायला खोटी माहिती देणं, ते धुणाऱ्याला आणि धुवायला सांगणाऱ्याला. गुन्हेगाराला लपवून ठेवलं की २४९. त्या कलमात सूट फक्त नवरा-बायकोला आहे, आई-वडील, भाऊ, चुलते ह्यांना नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कल्याणीनगरच्या केसमध्ये काय झालं आठवा, १९ मे २०२४ ला दोन इंजिनिअर पोरं पोर्शेखाली गेली, गाडी चालवणारा १७ वर्षांचा, आणि नंतर अटक कुणाकुणाला झाली? वडील, आजोबा, आई, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात डॉक्टर. ड्रायव्हरवर दबाव आणून गुन्हा त्याच्या अंगावर ढकलायला बघितला हाही त्यातलाच आरोप. एका रात्रीच्या गुन्ह्यात अख्खं घर गेलं.

आता वेळेचं. गाडीमुळं कुणाला इजा झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरनं जखमीला डॉक्टरकडं न्यायचं असतं आणि पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत कळवायचं असतं. पहिली गोष्ट तर त्यानं केलीच नाही. दुसरीला तुमच्याकडं आज रात्री साडेअकरापर्यंत वेळ आहे. शिवाय गाडी वडलांच्या नावावर आहे, पोलिसांनी विचारलं की कोण चालवत होतं ते सांगणं कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. वडलांना खोटं बोलायला लावू नका, त्यांचं वय बघा.

तालुक्याच्या कोर्टातला फौजदारीचा कुणीही वकील आज रविवारी सुद्धा फोन उचलेल. त्यांना घेऊन भावाला पोलीस स्टेशनला हजर करा. कलमं काय लागतील ते नंतर लिहिते, आत्ता मुलीच्या क्लासची वेळ झालीय.

---

निवृत्त_हवालदार_३१वर्षे (रविवार, दुपारी २:०५)

मी मुंबई वाहतूक शाखेत होतो, आता साताऱ्याकडे गावी असतो. पोलीस अजून आले नाहीत म्हणजे नंबर मिळाला नाही असं कृपया समजू नका. नाकाबंदीत एक माणूस पुढे उभा असतो आणि एकाचं काम फक्त नंबर टिपायचं असतं. गाडी पळाली की आधी वायरलेसवर पुढच्या पॉइंटला कळवतात. तुमच्या भावाला पुढचा पॉइंट लागला नाही एवढंच. नंबर अर्धा मिळाला तरी गाडीचा रंग आणि मॉडेल असतं, पेट्रोल पंपाचा कॅमेरा असतो, सोसायटीचा असतो, दूध डेअरीचा असतो. तालुक्याच्या ठिकाणी डावी बाजू घासलेली आणि उजवा आरसा तुटलेली वॅगनार शोधायला दोन दिवस लागत नाहीत. गॅरेजवाल्यांना तर पहिला फोन जातो.

पुढे कोण उभं असतं ते सांगतो. बहुतेक सगळ्यात तरुण शिपाई नाहीतर होमगार्ड. सिनियर माणूस मशीन आणि मेमो घेऊन मागे टेबलापाशी. नियमाने गाडीच्या समोर उभं राहायचं नाही, ड्रायव्हरच्या बाजूला राहायचं, बॅरिकेड नागमोडी लावायचे म्हणजे गाडी आपोआप हळू होते. पण बॅरिकेड पुरेसे कधी असतात? दोन बॅरिकेड आणि एक दगड ठेवून रस्ता अडवलेल्या नाकाबंद्या मी केल्यात. अंधारात येणाऱ्या गाडीचे हेडलाइट डोळ्यावर असतात, आत कोण आहे दिसत नाही, स्पीड कमी झाला की आपल्याला वाटतं थांबला, आपण एक पाऊल पुढे टाकतो. काच खाली घेतल्यावर तर हमखास टाकतो. तुमच्या भावाने काच खाली घेतली होती म्हणालात ना, त्या बाई त्यामुळेच पुढे आल्या असणार.

ऑगस्ट २०१६ मध्ये खारला आमच्या खात्यातले विलास शिंदे गेले. पेट्रोल पंपावर एका अल्पवयीन मुलाला हेल्मेट नाही म्हणून अडवलं, कागदपत्रं मागितली. त्या मुलाने मोठ्या भावाला फोन करून बोलावलं आणि त्याने येऊन शिंद्यांच्या डोक्यात बांबू घातला. आठ दिवस झुंजले, मग गेले. मोठ्या भावाने काय करायचं हे त्या मिनिटाला ठरत असतं, म्हणून तुम्हाला हे लिहितोय. तुम्ही मोठे आहात, चुलत्यांना गप्प करा.

आणि गड्याचं. पन्नास हजारात तो हो म्हणेल, गरिबी आहे. पण केस किती वर्षे चालते ठाऊक आहे का? दर तारखेला त्याचा रोज बुडेल, तुमचे चुलते पहिल्या वर्षानंतर तारखेला फिरकणार नाहीत. मी अशी माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात बघितलेली आहेत.

---

हायवे_रोजचा (रविवार, दुपारी २:३०)

सगळे उपदेश करतायत पण एक बाजू कुणी बोलत नाही. लोक पळतात का? नाकाबंदीत लुटतात म्हणून पळतात. मी आठवड्यातून चार दिवस पुणे-कोल्हापूर करतो, पीयूसी दाखवा, ते दाखवलं की इन्शुरन्स दाखवा, तेही असलं की मग काहीतरी बघा साहेब. पोराला वाटलं असेल हे आता वीस हजार मागतील. भीतीनं झालंय, मुद्दाम नाही. हजर करून आयुष्य बरबाद कशाला करायचं, टेस्ट झालेली नाही म्हणजे दारूची केस उभी राहत नाही, वकीलबाईंना हे माहीत असेलच.

---

निवृत्त_हवालदार_३१वर्षे (रविवार, दुपारी २:५१)

पैसे मागणारे आहेत, मी नाही म्हणत नाही, मला स्वतःला त्याची लाज वाटत आलीय. पण दारूच्या केसमध्ये जागेवर दंड भरून सुटायची सोयच नाही. पिऊन गाडी चालवण्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तडजोडीत बसत नाही, ते कोर्टातच जातं. जागेवर कुणी पैसे मागत असेल तर ती लाच झाली, देऊ नका, सांगा मला कोर्टात पाठवा. मशीनची नवीन नळी मागा, तुमच्यासमोर लावायला सांगा, प्रिंट मागा, त्यावर तारीख-वेळ-आकडा येतो. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, नाही झाली तर सोडावं लागतं, हे कायद्यातच आहे. फुंकायला नकार दिला तर मात्र तो नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो. हे सगळं थांबलेल्या माणसासाठी आहे. जो पळाला त्याला ह्यातलं काहीही मागता येत नाही.

पहिल्या वेळचं १८५ म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या आधी दंड २,००० होता. त्याशिवाय लायसन्स सस्पेंड होतं. पोरगा थांबला असता तर सोमवारी कोर्टात उभा राहिला असता, दंड भरला असता, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला असता. अंगठ्याएवढी नळी होती साहेब. तिच्यात फुंकायचं टाळण्यासाठी त्याने माणूस पाडला.

---

कॅज्युअल्टी_नाईट (रविवार, दुपारी ३:२०)

मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, पोलीस रात्री-अपरात्री ह्याच तपासणीसाठी माणसं घेऊन येतात. दोन पेग की क्वार्टर ह्यावर घरात वाद चाललाय म्हणून साधा हिशोब देतो, भावाला पण वाचायला द्या. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसात ते रक्तात १०० मिलीला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं, बिअर वेगळी. कायद्याची मर्यादा ३०. म्हणजे चौपट. लिव्हर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, त्याला घाई करता येत नाही. लिंबू पाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानंही नाही. अकराला बाटली संपवणारा माणूस पहाटे पाचला उठून शेतावर निघतो तेव्हा सुद्धा तो मर्यादेच्या वर असू शकतो. सकाळी सातला ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरून पडून आलेला ड्रायव्हर, रात्री प्यायलो होतो आता नाही म्हणतो आणि आकडा पन्नास येतो, असं मी बघितलंय. बडीशेप, पान, गुटखा ह्यानं माणसाचं नाक फसेल, मशीन फुप्फुसातली हवा मोजतं.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत, आज रक्त घेतलं तर काही सापडणार नाही हे खरं आहे. पण मला वाचून वाईट वाटतंय ते वेगळ्याच गोष्टीचं. हात पुढं केलेल्या माणसाला आरसा लागून तो मागं पडतो तेव्हा मनगट मोडतं, ते बरं होतं. पण डांबरावर डोक्याचा मागचा भाग आपटला असेल तर पहिल्या काही तासांत माणूस बोलतो-चालतो आणि नंतर बिघडतो. त्या बाईंचं सीटी स्कॅन झालं का हे कुणालातरी माहीत असायला पाहिजे. तुमच्या पोस्टमध्ये 'किती लागलंय ते माहीत नाही' हे वाक्य शेवटून तिसरं आहे. रागावू नका, पण ते आधी विचारायला हवं होतं.

---

खाकी_घरातली (रविवार, दुपारी ४:०२)

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही कारण हात थरथरतात. माझे पप्पा पोलीस नाईक होते. मी नववीत असताना त्यांना अशीच न थांबलेली गाडी उडवून गेली, ठाण्याच्या पुढं, गटारीच्या रात्री. ते गेले नाहीत. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, रॉड घातला, नंतर त्यांना ऑफिसचं काम दिलं. पप्पांचा बूट आईनं पिशवीत घालून घरी आणला होता, एकच, दुसरा सापडलाच नाही. तो एक बूट आमच्या माळ्यावर कितीतरी वर्षं होता, आई टाकूनही देईना आणि बघायलाही देईना.

ज्यानं उडवलं तो चार दिवसांनी सापडला. तोपर्यंत गाडी रंगवून झाली होती. त्याचं वय पंचवीस. कोर्टात तो पप्पांच्या समोर उभा होता आणि त्याचा वकील म्हणाला माझा अशील गाडी चालवतच नव्हता. पप्पांना पायापेक्षा ते जास्त लागलं. घरी येऊन म्हणाले, मी त्याचा चेहरा बघितलाय गं, काच खाली होती, त्यानं माझ्याकडं बघितलंय आणि आता म्हणतोय मी तिथं नव्हतोच.

हायवे रोजचा ह्यांना एवढंच म्हणायचंय की भीतीनं पळाला हे मला मान्य आहे, माझ्या पप्पांना उडवणारा पण भीतीनंच पळाला असेल. पण रात्री साडेअकराला फाट्यावर उभ्या असलेल्या बाईला भीती नसते का? तिच्या घरी पण कुणीतरी जागं असतं. एप्रिल २०२३ मध्ये वाशीला एका वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन गाडी गव्हाण फाट्यापर्यंत गेली, जवळपास वीस किलोमीटर. जुलै २०२४ ला पुण्यात बोपोडीला रात्रीच्या गस्तीवरच्या दोघांना गाडीनं मागून उडवलं, एक जण गेले, गाडीवाला थांबला नाही. अशी बातमी आली की आई आजही टीव्ही बंद करते आणि स्वयंपाकघरात जाते.

दादा, तुमच्या भावाला न्या. आजच न्या.

---

कृष्णाकाठचा (रविवार, संध्याकाळी ५:४५)

सगळ्यांचं वाचलं. भावाला पण मोबाइल दिला, त्यानं सगळं वाचलं आणि शेवटचं वाचून मोबाइल उलटा ठेवला. चुलत्यांशी वाजलं. ते म्हणाले तू सख्ख्या भावाला तुरुंगात घालायला निघालास, लोक तोंडात शेण घालतील. आई तेव्हा आतनं बाहेर आली आणि म्हणाली त्या गड्याची बायको माझ्याबरोबर भांगलायला येते, मी तिला कुठल्या तोंडानं सांगू. चुलते चप्पल घालून निघून गेले. वडील मग पहिल्यांदा बोलले, म्हणाले गाडीची कागदपत्रं कपाटात आहेत, काढ.

तालुक्यातले एक वकील मिळालेत, सातला येतो म्हणालेत. डॉक्टर तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, मला माझीच लाज वाटली. वकिलांनी त्यांच्या ओळखीनं चौकशी केली, बाईंचं मनगट मोडलंय, डोक्याला टाके आहेत, स्कॅन नॉर्मल आहे, शुद्धीवर आहेत. हे ऐकल्यावर भाऊ भिंतीला टेकून खालीच बसला.

काळा डगला मॅडम, कलमांचं सांगणार होता.

---

काळा_डगला (रविवार, संध्याकाळी ६:१०)

घरच्यांना माझा नमस्कार सांगा. आता नीट वाचा. केस कुठं वळते ते एका प्रश्नावर आहे, त्यानं त्यांना बघून गाडी अंगावर घातली की पळायच्या नादात आरसा लागला. हयगय धरली तर न्याय संहितेचं कलम २८१ आणि मोडलेल्या हाडासाठी १२५(ब), त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते जामीनपात्र आहे. पण ड्यूटीवरच्या सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी बळ वापरलं असं धरलं तर १३२, ते अजामीनपात्र. आणि त्यासाठी जाणूनबुजून गंभीर दुखापत केली असं धरलं तर १२१(२), त्याला कमीत कमी एक वर्ष ते दहा वर्षांपर्यंत. हाड मोडणं म्हणजे कायद्यानं गंभीर दुखापतच. पोलिसांचा माणूस जखमी आहे म्हटल्यावर एफआयआरमध्ये वरची कलमं असतील ही तयारी ठेवा. अटकपूर्व जामिनाचा पर्याय आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम ४८२, त्याबद्दल तुमचे वकील ठरवतील. पण तो अर्ज करायचा म्हणून आठ दिवस पुण्यात लपून राहायचं असं करू नका.

दारूबद्दल. टेस्ट नाही म्हणून १८५ चा ३० मिलिग्रॅमचा भाग सिद्ध करणं पोलिसांना जड जाईल, हायवे रोजचा ह्यांचं तेवढं बरोबर आहे. पण म्हणून खूष व्हायचं कारण नाही. मळ्यात बसलेली पोरं साक्षीदार आहेत, हळदीचे व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. दारू लपवायला गेलात तर कोर्टापुढं गोष्ट अशी राहते की शुद्धीत असलेला माणूस पोलिसाला पाडून पळाला. ते काय चांगलं आहे का? मुंबईतल्या कार्टर रोडच्या २००६ च्या केसमध्ये पिऊन चालवलेल्या गाडीखाली सात मजूर गेले होते, सुप्रीम कोर्टानं २०१२ ला सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. तेव्हापासून पिऊन गाडी चालवली म्हणजे नुसता अपघात, असं कोर्ट सरसकट मानत नाही.

इन्शुरन्स कंपनी तुमच्या गाडीचा खर्च देणार नाही. बाईंच्या नुकसानभरपाईचं आधी कंपनीनं दिलं तरी ते वडलांकडून वसूल करू शकते. पैशाची तयारी त्या हिशोबानं ठेवा.

आणि एक, दवाखान्यात भेटायला जाऊ नका. मला कळतंय तुमच्या मनात येणार आहे, आईच्या तर नक्की येईल. आत्ता गेलात तर साक्षीदारावर दबाव म्हणून लिहिलं जाईल.

---

तेव्हाचा_मी (रविवार, रात्री ९:३३)

उशिरा बघितला धागा. मी हे आधी कधी लिहिलेलं नाही. २०१५ ला खंबाटकीच्या अलीकडं मी बाइकवर होतो, मागं मित्र, दोघंही प्यायलेले. पुढं पोलीस दिसले, मी बाइक वळवली आणि राँग साइडनं निघालो. कुणी पाठलागही केला नाही. मी मागं वळून बघत होतो कुणी येतंय का म्हणून, आणि उभ्या असलेल्या कंटेनरला जाऊन धडकलो. मला खरचटलं. मित्राचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तो आजही माझा मित्र आहे, लोकांना ह्याचं आश्चर्य वाटतं. त्यानं मला माफ केलं कारण मी पोलिसांना पहिल्या जबाबातच सांगितलं की गाडी माझी, चालवत मी होतो, प्यायलेला मी होतो. मित्राच्या आईनं नंतर मला सांगितलं, तू तेव्हा खोटं बोलला असतास तर तुला उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता. त्या वेळी मला ते काही मोठं वाटलं नव्हतं, कारण दुसरं काही सुचलंच नव्हतं. तुमच्या भावाला सांगा, ह्याच्या पुढं झोप येणार नाही काही महिने, तेव्हा एकटं राहू नको, पुण्याला रूमवर तर अजिबात जाऊ नको. आणि जेवायला लावा त्याला.

---

हायवे_रोजचा (रविवार, रात्री १०:१५)

दुपारी मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. खाकी घरातली ताई, माफ करा. लुटीबद्दलचा राग खरा आहे पण तो इथं काढायची जागा नव्हती.

---

कृष्णाकाठचा (मंगळवार, रात्री ८:२०)

सगळ्यांसाठी अपडेट. रविवारी रात्री नऊच्या आधी भावाला हजर केलं, मी, वडील आणि वकील. नंबर त्यांच्याकडं होता, हवालदार काका तुम्ही म्हणालात तसंच, सोमवारी सकाळी येणारच होते. भावानं दारूसकट सगळं सांगितलं. गाडी रात्रीच पंचनामा करून नेली. पट्टी एका पाकिटात घालून वर सही घेतली, वडलांची पण घेतली, सही करताना त्यांचा हात हलत होता म्हणून पोलिसांनीच पाकीट दाबून धरलं.

१३२ आणि १२१ दोन्ही लागलीत. काल कोर्टात नेलं, एक दिवस पोलीस कोठडी, आज न्यायालयीन. जामिनाचा अर्ज टाकलाय, गुरुवारी सुनावणी. पुण्याच्या कंपनीला वकिलांनी सांगितल्याप्रमाणं रजेचा मेल केलाय, नोकरी राहते की नाही माहीत नाही. लायसन्स जमा केलंय. चुलते अजून बोलत नाहीत पण काल त्यांनी चुलतीबरोबर भाकरी पाठवल्या.

दवाखान्यात आम्ही कुणी गेलो नाही. आईला फार जायचं होतं, तिला समजवायला लागलं. तपास करणाऱ्या साहेबांना वडलांनी विचारलं की बाईंच्या औषधाचा खर्च आम्ही दिला तर चालेल का. ते म्हणाले आत्ता नको, कोर्टात बोला काय बोलायचं ते. मग निघताना म्हणाले तिची मुलगी तिसरीत आहे, हात प्लॅस्टरमध्ये आहे म्हणून पोरीची वेणी घालता येत नाही म्हणून तेवढी रडली, बाकी बरी आहे.

वडलांनी हे घरी येऊन आईला सांगितलं. गुरुवारी काय होतंय ते कळवतो.